कुळांनो, खंड मेपर्यंत ठेवू नका



१ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला पश्चिम महाराष्ट्रातली पुष्कळ कुळं जमिनीची मालक ठरली. पण मालकीण विधवा किंवा मालक अज्ञान असेल, तिथं खरेदी लांबणीवर पडली. अशा जमिनीचा खंड जे आजही भरतात, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

१९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे त्या वर्षाचा खंड ३१ मेच्या आत द्यायचा असतो. आता मे महिना कसा जातो, ते तुम्हाला काय सांगायचं! बियाणं, खत, नांगरट, त्यात घरात लग्न. म्हणून भात-सोयाबीन विकलं, की दिवाळीनंतरच खंड देऊन मोकळं व्हावं.

एखादं वर्ष चुकलं, तर तहसीलदार बाकी भरायला मुदत देतात. तीन वर्षं चुकली आणि मालकानं दर वेळी मुदतीत तसं कळवलेलं असलं, तर ही सवलत मिळत नाही. मग जमीन जाते.

पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. "घरच्यासारखी माणसं, पावती कशाला मागायची?" असली भीड नको. पावतीवर गट नंबर, वर्ष, रक्कम, तारीख, सही पाहा. मालक पुण्या-मुंबईला असेल, तर बँकेतून पाठवा. घेतच नसेल, तर पोच मिळेल अशा टपालानं कळवा आणि नक्कल ठेवा. असा नकार पुष्कळदा साधा नसतो.

मालक वारला असेल, तर आधी सातबारा काढा. वारस चार असताना एकाच भावाच्या हातात पैसे दिले, तर बाकीचे तिघे खंड मिळालाच नाही म्हणतात.