इटलींतील हिवाळ्याचें जेवण

इटली म्हटलें कीं निळा समुद्र, द्राक्षांचे मळे आणि लख्ख ऊन हेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं पसरलेल्या पो नदीच्या खोऱ्यांत नोव्हेंबर लागला कीं दाट धुकें उतरतें, आणि कधीं कधीं समोरचें झाडहि दिसेनासें होतें. अशा दिवसांत तेथील शेतकऱ्याच्या घरीं चुलीवर तांब्याची कढई चढे आणि तींत पोलेंता रटरटूं लागे.

पोलेंता म्हणजे मक्याच्या कण्या. ज्या घरांत ज्वारीच्या कण्या किंवा घाटा होतो, त्या घरच्या गृहिणीला ह्यांत परकें असें फारसें कांहीं वाटणार नाहीं. एक वाटी जाडसर मक्याच्या रव्यास चार वाट्या पाणी घ्यावें. पाण्याला उकळी आली कीं मीठ टाकावें, आणि एका हातानें रवा पावसाच्या सरीसारखा सोडीत दुसऱ्या हातानें लांकडी कालथा फिरवीत राहावें. रवा एकदम ओतला, तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजावें. पुढें मंद आंचेवर पाऊण तास ढवळणें आलें. ज्याला घाई असेल त्यानें ह्या पदार्थाच्या वाटेस जाऊं नये. पंधरा-वीस मिनिटांत तो शिजल्यासारखा दिसला, तरी त्याचा कच्चट वास गेलेला नसतो. मिश्रण भांड्याच्या कडा सोडूं लागलें कीं तें लांकडी पाटावर उलटें करावें. घट्ट झालेल्या ह्या गोळ्याचे काप सुरीनें न करतां ताणलेल्या दोऱ्यानें करण्याची तेथें रीत आहे. उरलेले काप दुसऱ्या दिवशीं तव्यावर तेलांत खरपूस परतले असतां ताज्याहूनहि रुचकर लागतात.

मका हें मूळचें इटलीचें धान्य नव्हे. पूर्वी तेथें पोलेंता राळे, वरई यांसारख्या भरड धान्यांची करीत. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर मका अमेरिकेहून युरोपांत आला आणि उत्तर इटलींत झपाट्यानें रुजला. उत्पन्न भरपूर, पोटभर खाणें स्वस्तांत. ह्यापरतें गरिबाला दुसरें काय हवें? गहूं बहुधा जमीनदाराच्या वाट्यास किंवा बाजारांत जाई, आणि कुळाच्या ताटांत सबंध हिवाळाभर पोलेंता येई. व्हेनेतो प्रांतांत अशी गोष्ट सांगतात कीं, एक खारवलेला मासा जेवणाच्या मेजावर दोरीनें टांगीत, आणि घरांतील प्रत्येकानें आपला पोलेंत्याचा काप त्याला नुसता घांसून खावा. मासा तसाच पुढच्या जेवणाला उरे.

अठराव्या शतकांत ह्याच मुलुखांत एक भयंकर रोग पसरला. अंगाची कातडी खरखरीत होऊन सोलत जाई, पोट बिघडे, बुद्धीला भ्रम होई, आणि अखेरीस रोगी दगावे. मिलान येथील डॉक्टर फ्रापोल्ली यांनीं १७७१ मध्यें ह्या रोगावर ग्रंथ लिहून ‘पेलाग्रा’ म्हणजे खरखरीत कातडी, हें लोकांच्या तोंडीं असलेलें नांव वैद्यकांत आणलें. १८८१ च्या गणतींत इटलींत असे सुमारें एक लाख रोगी नोंदले गेले. कुजका मका हेंच रोगाचें कारण असें मानून १९०२ च्या कायद्यानें त्याच्या विक्रीस आळा घालण्यांत आला. निदान चुकलें होतें. मक्यांतील नायसिन नांवाचें जीवनसत्त्व अशा स्वरूपांत बांधलेलें असतें कीं शरीराला तें सहजासहजीं मिळत नाहीं. १९३७ मध्यें अमेरिकेंत एल्वेहेम यांच्या संशोधनानें ह्या प्रश्नाचा उलगडा झाला. मेक्सिकोंतील बायका शेंकडों वर्षें मका चुन्याच्या पाण्यांत उकळून मगच दळीत, आणि त्यामुळें तें जीवनसत्त्व मोकळें होई. युरोपनें धान्य नेलें, पण बायकांची कृति नेली नाहीं! दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवरच राहणाऱ्या गरीब कुटुंबांतहि हा रोग आढळे, आणि हैदराबाद येथें डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं १९६० मध्यें त्याची मीमांसा प्रसिद्ध केली.

पोलेंता वाईट नव्हे. ती एकटी वाईट. दूध, चीज, कडधान्य ह्यांपैकीं कांहीं तरी तिच्या शेजारीं असावें. तोस्काना प्रांतांतील ‘रिबोल्लिता’ हें सार ह्या दृष्टीनें उत्तम. पांढरा राजमा रात्रभर भिजवून तें पाणी टाकून द्यावें आणि नव्या पाण्यांत तो चांगला खळखळ उकळून मऊ शिजवावा. अर्धाकच्चा राजमा पोटास बाधतो. कांदा, गाजर व सेलेरी ऑलिव्ह तेलांत परतून त्यांत चिरलेला कोबी व राजमा घालावा. तेथें काळसर पानांचा कोबी वापरतात. थंडीचा कडाका पडून गेला कीं तो अधिक गोड लागतो. भाजी शिजल्यावर शिळ्या पावाचे तुकडे घालून भांडें झांकून ठेवावें. रिबोल्लिता म्हणजे पुन्हां उकळलेली. तेव्हां पहिल्या दिवशीं ती खाल्ली, तर तें नुसतें भाजीचें सार. दुसऱ्या दिवशीं पाव विरघळून दाट झाल्यावर मंद आंचेवर ती गरम करावी, आणि वाढतांना वरून कच्च्या तेलाची धार सोडावी.