मडकं वाजवून बघावं : शेवटच्या दिवसांची सेवा कशी पारखायची

(तेरमध्ये गावकऱ्यांसमोर केलेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. बोलीतली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा भाग स्टुडिओतला नाही, गावातला आहे. मागं मुलं खेळतायत, एखादी मोटरसायकल जाईल, तेवढं सांभाळून घ्या.

मी इथलीच, तेरची. नोकरीनं पुण्यात गेले, पण माहेर इथंच आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी माझ्या आप्पांना पाहिलेलं आहे. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. तंबाखू मळायचे, सगळ्यांना माहीत आहे. जबड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, शेक झाले, सहा-सात महिने बरे गेले आणि मग गाठ परत आली. डॉक्टर म्हणाले, आता बरं करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या.

घरी न्या म्हणजे काय करा, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आज त्यावरच बोलायचं आहे.

माझ्या चुलतभावानं मोबाइलवर शोधून एका शहरातलं एक सेंटर काढलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. फोटो सुरेख होते. एसी खोल्या, बाग, दारात गणपती. पैसे आगाऊ भरले. आम्हाला वाटलं, चला, आप्पांचं शेवटचं तरी नीट होईल. अकरा दिवस ते तिथं होते. त्या अकरा दिवसांत त्यांना "किती दुखतंय?" असं एकदाही कुणी विचारलं नाही. फाइल मी नंतर वाचली. ताप, बीपी, नाडी सगळं लिहिलेलं. दुखण्याचा रकानाच नाही. रात्री आप्पा कॉटच्या दांड्यावर हात आपटायचे. वहिनी उठून शोधायच्या, तर एक पोरगा खुर्चीत झोपलेला आणि डॉक्टरांचा फोन बंद. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणायचे, "या आजारात दुखणारच हो."

मंडळी, आज एवढंच एक वाक्य लक्षात ठेवून घरी गेलात तरी चालेल. "या आजारात दुखणारच" असं जिथं म्हणतात, ती जागा या कामाची नाही.

आता गोरोबाकाकांच्या गावात एक गोष्ट मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्हीच मला सांगाल. संतमंडळी जमली होती आणि कोणतं मडकं कच्चं, कोणतं पक्कं हे बघायला काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं, अशी कथा आहे. कुंभाराला मडक्याच्या रंगावरून कळत नाही, आवाजावरून कळतं. आम्ही आप्पांसाठी रंग बघितला. वाजवून बघितलं नाही. म्हणून आज वाजवायचं कसं ते सांगते.

आधी शब्द समजून घेऊ. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, धाप, उलटी, जखम, भीती हे सगळं कमी करणारी सेवा. उपशामक सेवा असंही म्हणतात. ती आजाराच्या सुरुवातीपासून मूळ उपचारांबरोबर चालू शकते. हॉस्पिस म्हणजे त्यातला शेवटचा टप्पा, बरं करण्याचे उपचार थांबल्यानंतरचा. ही आजची पद्धत लंडनमध्ये सिसिली साँडर्स या बाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढून बसवली. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर झाल्या. त्यांचं म्हणणं होतं की रोग्याचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं. मनाचं असतं, घरच्या काळजीचं असतं, "माझं काय चुकलं" याचंही असतं.

आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालं, शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे रोग्याकडून पैसे घेत नाहीत. आपल्या बाजूचं म्हणाल तर कॅन्सरसाठी आपण बार्शीला जातो. बार्शीची कॅन्सर नोंदवही १९८७ पासून चालू आहे. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदवही आणि तिच्यात बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातले भूम आणि परंडा हे तालुके येतात. म्हणजे कॅन्सर किती जणांना होतो हे आपल्या भागात कित्येक वर्षं मोजलं जातंय. दुखणं किती जणांचं थांबलं, हे मात्र आपणच विचारायला हवं.

इथं एक अडचण आहे. बाकीच्या दवाखान्याबद्दल आपण विचारतो, "तिथं किती बरे झाले?" हॉस्पिसमध्ये सगळेच जातात. त्यामुळे तो प्रश्न इथं चालत नाही. दुसरं म्हणजे, ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना विचारलं, "कसं होतं हो ते?" तर म्हणतात, "फार चांगली माणसं." दुःखात कुणी दोन शब्द गोड बोललं तरी माणूस ऋणी होतो. आमच्या वहिनीसुद्धा त्या सेंटरबद्दल पहिल्यांदा "चांगलं होतं" असंच म्हणायच्या. म्हणून मोघम विचारायचं नाही, नेमकं विचारायचं. अमेरिकेत २०१५ पासून हॉस्पिसबद्दल घरच्यांना माणूस गेल्यानंतर काही आठवड्यांनी प्रश्नावली पाठवतात. त्यात असले प्रश्न असतात : रात्री, सुट्टीच्या दिवशी मदत मिळाली का? वेदनेच्या औषधाचे परिणाम तुम्हाला समजावले का? इमारतीपेक्षा ते रात्रीबद्दल जास्त विचारतात.

आता थापटणं हातात घ्या.

पहिली थाप : दुखणं मोजता का? शून्य ते दहा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. रोग्याला विचारायचं, लिहायचं, औषध द्यायचं आणि परत विचारायचं. भरती करण्याआधीच म्हणा, "तुमचा कोरा केस पेपर दाखवता का?" त्यावर दुखण्याचा रकाना आहे का बघा. नसेल तर बाग कितीही चांगली असो, परत फिरा.

दुसरी थाप : तोंडानं घ्यायचं मॉर्फिन तुमच्याकडे आहे का? हा प्रश्न विचारायला लाजू नका. कॅन्सरच्या जोरदार वेदनेवर हे मुख्य औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच पायरी-पायरीनं औषध कसं वाढवायचं ते सांगून ठेवलंय. गंमत बघा, अफूची कायदेशीर शेती आपल्या देशात होते, मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात. तरी आपलाच रोगी क्रोसिनवर तळमळतो. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं डॉक्टर आणि दुकानदार दोघंही घाबरले. २०१४ मध्ये कायदा सुधारला आणि आता मान्यता घेतलेल्या संस्थेला मॉर्फिन ठेवता येतं. तेव्हा सरळ विचारा, "तुमची मान्यता आहे का? आज साठा आहे का?" जो म्हणतो "आमच्याकडे नाही, पण गरज पडत नाही", त्याचं मडकं कच्चं.

आणि आपल्या मनातली भीतीही काढू. "मॉर्फिन दिलं म्हणजे माणूस संपला," असं आपल्याकडे म्हणतात. जाणकार डॉक्टर थोड्यापासून सुरू करून वेदनेप्रमाणे वाढवतो, तेव्हा त्यानं माणूस मरत नाही. वेदनेसाठी नीट दिलेल्या औषधाचं व्यसन लागणंही विरळा. एक त्रास मात्र जवळपास सगळ्यांना होतो, पोट साफ होत नाही. म्हणून मॉर्फिनबरोबर जुलाबाचं औषध लिहून दिलंय का, हे बघा. लिहिलं असेल तर समजा, लिहिणाऱ्याला काम येतं.

तिसरी थाप : रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं? नंबर मागा. आणि पैसे भरायच्या आधी एका रात्री खरंच फोन लावून बघा. यात कसला संकोच? म्हैस घेताना आपण दोन वेळची धार काढून बघतो.

चौथी थाप : घरच्यांना शिकवता का? कूस कधी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, नळीतून ताक कसं द्यायचं. वारज्याच्या केंद्रात रोग्याबरोबर घरचं माणूस राहतं, ते यासाठीच. कारण शेवटी बहुतेक माणसं घरी येतात, आणि यावंही. जे सेंटर म्हणतं "तुम्ही फक्त भेटायच्या वेळी या", ते तुमच्यापासून काहीतरी लांब ठेवतंय.

पाचवी थाप : डॉक्टर आणि नर्सनी या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? कुठं, किती दिवस? एमबीबीएस असणं पुरेसं नाही. आणि रोग्याशी ते बोलतात का, की रोग्याच्या डोक्यावरून आपल्याशी?

सहावी थाप : कशाचे पैसे घेता? रोज रक्त तपासणी, रोज सलाईन, परत परत स्कॅन, हे कशासाठी, याचं उत्तर मागा. तपासणीनं औषध बदलणार नसेल तर ती कुणासाठी आहे? आणि "आम्ही बरं करतो" असं या टप्प्यावर जो म्हणेल, त्याच्याकडून उठून या.

सातवी थाप : माणूस गेल्यावर तुम्ही काय करता? मृत्यूचा दाखला वेळेवर देता का? नंतर घरच्यांना एक तरी फोन करता का?

आता आप्पांचं पुढं काय झालं ते सांगते. अकराव्या दिवशी आम्ही त्यांना गाडीत घालून तेरला आणलं. ओळखीतून एका सरकारी दवाखान्यातल्या पॅलिएटिव्ह ओपीडीचा पत्ता कळला. रोग्याला आणू नका, फाइल आणि ज्या बाई सेवा करतात त्यांना आणा, असं तिथल्या नर्सताईंनी फोनवर सांगितलं. वहिनी गेल्या. नर्सताईंनी त्यांना तासभर समोर बसवलं. घड्याळाप्रमाणे चार-चार तासांनी गोळी, दुखायची वाट बघायची नाही. जखमेच्या वासासाठी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बारीक करून वर भुरभुरायच्या. हा वास हे आमच्या घरातलं न बोललेलं दुखणं होतं. नातवंडं जवळ जात नव्हती, आणि आप्पांना ते कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा ओट्यावर येऊन बसले. जबड्यामुळं बोलणं नीट येत नव्हतं. वहिनींनी विचारलं, "मामंजी, दुखायलंय का?" त्यांनी दोन बोटं दाखवली. दहापैकी दोन. अकरा दिवस जे कुणी विचारलं नाही, ते आठवी शिकलेल्या आमच्या वहिनींनी विचारलं, आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. ते कॅलेंडर अजून आहे.

त्यानंतर ते पाच आठवडे होते. नातू मांडीवर बसायचा. वाटण्यांचं जे बोलायचं ते खुणांनी बोलून झालं. एका पहाटे झोपेतच गेले. दहाव्याला नर्सताईंचा फोन आला. "वहिनी, तुम्ही जेवताय का नीट?" एवढंच विचारलं. वहिनी तेव्हा पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

म्हणजे बघा, जिथं एसी होता तिथं सेवा नव्हती, आणि जिथं बाकडं मोडकं होतं तिथं होती. याचा अर्थ सरकारी म्हणजे चांगलं आणि खाजगी म्हणजे वाईट, असा मुळीच घेऊ नका. उलटंही होतं. म्हणूनच तर वाजवून बघायचं.

शेवटचं एक. उशीर करू नका. अमेरिकेत बोस्टनला फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रोग्यांवर केलेला एक अभ्यास २०१० साली छापून आला. ज्यांना सुरुवातीपासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा मिळाली त्यांचे दिवस बरे गेलेच, शिवाय ते सरासरी अडीच महिन्यांहून जास्त जगले. "आता काही उरलं नाही" म्हटल्यावर शोधायची ही गोष्ट नव्हे. निदान झालं की त्याच आठवड्यात विचारायची.

सरकारचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात ज्या सेवा मिळायला हव्यात त्यांच्या यादीत ही सेवा आहे. तेव्हा आपल्या आशाताईंना, आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा, "आपल्याकडे हे कोण बघतं? मॉर्फिन जवळात जवळ कुठं मिळतं?" एकानं विचारलं तर उत्तर मिळणार नाही. ग्रामसभेत पन्नास जणांनी विचारलं तर कुणाला तरी शोधून सांगावं लागेल.

सातही प्रश्न एका कागदावर लिहून आणलेत. जाताना घेऊन जा, देव करो आणि लागू नयेत. पण घरात ठेवा, रेशन कार्डाच्या पिशवीत.

इथंच थांबते. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी सध्या असा रोगी असेल, तर आज रात्री झोपण्याआधी त्यांना एवढंच विचारा, दहापैकी किती? आणि आकडा लिहून ठेवा.