युरोपीय विद्यांचा अभ्यास आणि आपली मुले

(माकणी येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस विषय दिला आहे तो विद्यापीठांतून मिळणाऱ्या युरोपीय भाषा, इतिहास, संस्कृती व राजकारण यांच्या शिक्षणाचा. माकणीसारख्या गावी हा विषय कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आपल्या तेरणेच्या काठीच सापडते. ज्या नदीचे पाणी येथील धरणात अडविले आहे, तिच्याच वरच्या अंगास तेर वसले आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण ते जाणतो. परंतु तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात या नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर असून तेथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जाते, असे त्या अनाम ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. आपल्या नदीकाठची ही जुनी साक्ष ग्रीक भाषेत आहे, आणि ती आपणांस इंग्रजांच्या द्वारे कळली!

हे एकच उदाहरण नव्हे. शिवछत्रपतींचे एक चरित्र १७३० साली लिस्बन येथे पोर्तुगीज भाषेत छापले गेले. वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. डच कंपनीची दप्तरे आज हेग येथे आहेत. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज कागदपत्रे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासावर जो प्रकाश टाकला, तो त्यांस ती भाषा अवगत होती म्हणूनच. अशी माणसे मराठवाड्यातून किती निघाली, याचा विचार आपण करावयास हवा.

ही विद्या कोठे मिळते, हेही सांगणे अगत्याचे आहे. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग असून तेथे जर्मन, फ्रेंच, रशियन आदी भाषांचे प्रमाणपत्रापासून वरचे वर्ग आहेत. मुंबई विद्यापीठात फ्रेंच, जर्मन व रशियनचे स्वतंत्र विभाग आहेत. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकविली जाते. आपल्या उमरग्यावरून जाणारा महामार्ग ज्या हैदराबादेस पोहोचतो, तेथे इंग्रजी व परकीय भाषांचे केंद्रीय विद्यापीठच आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तर परकीय भाषेचे अक्षरही न येणाऱ्या विद्यार्थ्यास बारावीनंतर प्रवेश मिळतो आणि मुळाक्षरांपासून शिकविले जाते. खेड्यातील मुलाने बिचकण्याचे कारण नाही.

आता कोणी म्हणतील, भाषा तर शहरातील खासगी वर्गातही सहा महिन्यांत शिकवितात. त्यास आमचे उत्तर असे की, वर्गात शब्द मिळतात; विद्यापीठात त्या शब्दांमागील देश समजतो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. तेव्हापासून गावोगावी जर्मनचे नाव ऐकू येते, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जर्मनी हे १६ राज्यांचे संघराज्य आहे आणि शिक्षण हा तेथे राज्यांचा विषय आहे, हे किती पालकांस ठाऊक आहे? तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, असे ऐकून आपण मुलास पाठवावे, आणि याच बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यास २०१७ पासून दर सहामाहीस १५०० युरो द्यावे लागतात हे तेथे गेल्यावर कळावे, यासारखी फजिती नाही. राजकारण व इतिहास हे विषय केवळ परीक्षेपुरते नसतात. घरची जमीन गहाण टाकण्यापूर्वी ते जाणणे भाग आहे. ज्यास समोरचा करारनामा त्याच्या मूळ भाषेत वाचता येतो, तो दलालाच्या हातचे बाहुले होत नाही.

आपल्यातील थोरांनी हा मार्ग पूर्वीच चोखाळला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. इरावती कर्वे यांनी १९३० साली बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. उलटपक्षी गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन पंडित महाराष्ट्रात आले, मराठी शिकले, आणि धनगरांच्या ओव्या व खंडोबा-बिरोबाची दैवतपरंपरा यांच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य वेचले. जर्मन मनुष्य धनगरवाड्यावर बसून आमच्या ओव्या समजून घेतो. मग आमच्या मुलांस त्याची भाषा का येऊ नये?

केवळ भाषेच्या पदवीने नोकरी हमखास मिळेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. ज्यास ती चिंता आहे, त्याने परिचर्या, तंत्रविद्या वा वाणिज्य शिकत असतानाच भाषेचे प्रमाणपत्र घ्यावे. परंतु ज्या एखाद्या मुलाचा वा मुलीचा ओढा खरोखर या विद्येकडे आहे, तिला 'कलाशाखेत काय ठेवले आहे' म्हणून परत फिरवू नये. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून आजवर वैद्यक व अभियांत्रिकीच्याच विद्यार्थ्यांस मदत दिली गेली. ती योग्यच होती. यापुढे दरवर्षी निदान एक वाटा युरोपीय भाषा व इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावा, आणि तो शक्यतो मुलीस द्यावा, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.

तगरचे कापड परदेशी गेले, पण त्याची हकीकत परक्यांनी लिहिली. आता आपली मुले जात आहेत. त्यांची हकीकत त्यांनी स्वतः, दोन्ही भाषांत, लिहावी, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतो.