मदत येईपर्यंत

सव्वीस जानेवारी म्हटली की झेंडावंदन आलं, प्रभातफेरी आली. २००१ साली कच्छमधल्या अंजार या लहानशा शहरात अशीच फेरी निघाली होती. सकाळी पावणेनऊच्या सुमारास धरणी हादरली. मुले उघड्यावर होती खरी, पण गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्या अंगावर कोसळली. शंभराहून अधिक मुले आणि त्यांचे शिक्षक त्या ढिगाऱ्याखाली गेले.

तिकडे भुजमध्ये घरांबरोबर सरकारी रुग्णालयही पडले. वीज नाही, टेलिफोन नाही. मग जखमींना न्यायचे कुठे? ज्युबिली मैदानावर. तिथे उघड्यावरच डॉक्टरांनी उपचार सुरू केले. त्या भूकंपात गुजरातेत १३ हजारांहून अधिक माणसे दगावली.

तुम्ही म्हणाल, कच्छ लांब आहे. पण १९६७ सालचे कोयनानगर आणि १९९३ सालचे किल्लारी तर आपलेच ना? किल्लारीत काय, जुन्या भुजमध्ये काय, दगडमातीच्या भिंतींनी घात केला. अशा जाड भिंतीला आतबाहेर दगडांचे दोन पदर असतात. हादरा बसला की ते एकमेकांपासून सुटतात. म्हणून भिंतीच्या पूर्ण जाडीचे दगड अधूनमधून बसवावेत, कोपरे नीट सांधावेत आणि दारे-खिडक्यांच्या वरून घरभर काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा. गवंड्याला हे आधीच सांगून ठेवा.

लष्कर येते, सरकारी मदत येते. पण वाटेत वेळ जातो. पहिले काही तास शेजारीच शेजाऱ्याला काढतो. तेव्हा गावात आजच ठरवा: जमायचे मोकळे मैदान कोणते? पहारी, फावडी, दोर, शिडी कोणाकडे आहेत? अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस कोणत्या घरात आहे?

आणि गुरुजी, बाई, तुमच्याकडे एक मागणे आहे. हादरा बसताच बाकाखाली शिरून डोके झाकायचे, हादरा थांबला की रांगेने मैदानात जायचे, हे मुलांकडून करवून घ्या. हजेरीपट बरोबर असू द्या. कोण आत राहिले, ते लगेच कळेल. नंतरही धक्के बसतात, म्हणून दप्तरासाठी कोणाला परत सोडू नका.

आणि पुढची प्रभातफेरी काढण्याआधी तिची वाट एकदा स्वतः चालून पाहा. वाट अरुंद असेल, तर थोडा वळसा पडला तरी चालेल.