दुसऱ्या गोळीचा प्रश्न



आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने रायफलीवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनीच एन.सी.सी.च्या तासाला माझ्या हाती पहिली रायफल दिली. ती पॉइंट टू-टूची होती आणि तिच्यात एका वेळी एकच काडतूस बसे. पहिला बार चुकताच मी घाईने दुसरे काडतूस उचलले. गुरुजींनी माझा हात धरला. म्हणाले, ‘‘आधीची गोळी कुठे गेली ते पाहिलेस का?’’

काडतूस नळीत सरकवणे, नळीचे मागचे तोंड घट्ट बंद करणे आणि बारानंतर रिकामे टरफल बाहेर काढणे, ही कामे करणाऱ्या यंत्रणेला ‘ॲक्शन’ म्हणतात. तिची निवड करताना मुख्य प्रश्न एकच असतो : दुसरी गोळी हवी आहे काय, आणि हवी असल्यास किती लवकर?

दाट रानात हिंस्र श्वापद अंगावर आले, तर दुनळी रायफलीचा दुसरा बार तत्क्षणी तयार असतो. मात्र दोन्ही नळ्यांचा नेम एका ठराविक अंतरापुरताच जुळवलेला असतो, आणि दोन बारांनंतर हात रिकामा. अमेरिकेतील 1873 व 1894 च्या विंचेस्टर रायफलींत चापाभोवतीची कडी खालीवर केली की नवे काडतूस येते. परंतु नळीखालच्या पोकळीत काडतुसे एकामागे एक राहतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आदळून स्फोट होण्याचा धोका असतो. म्हणून चपट्या तोंडाच्या गोळ्या वापरीत, आणि त्या लांब पल्ल्यावर वेग लवकर गमावतात. स्वयंभरणी रायफल बाराच्याच जोरावर पुढचे काडतूस भरते. वेग अधिक, पण हलणारे भागही अधिक आणि घाईचा मोहही अधिक.

राहिली बोल्टची रायफल. तिची खिट्टी आपल्या दाराच्या अडसराची बहीणच म्हणा ना! 1898 च्या मौझरमध्ये खिट्टीचे दोन कान नळीच्या तोंडाशीच अडकतात, म्हणून पकड ताठ राहते. ली-एनफील्डचे कान मागे असतात; तिथे हात झटपट चालतो, ताठरपणा थोडा कमी पडतो.

1907 साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे गेलेल्या जिम कॉर्बेट यांच्याजवळ तीनच काडतुसे होती. ती संपली तेव्हा जखमी वाघीण समोर होती; तहसीलदारांची बंदूक धावत जाऊन आणावी लागली. या कामगिरीबद्दल त्यांना भेट मिळालेली रिग्बीची रायफल मौझर पद्धतीच्या खिट्टीची होती. जंगलात दुसरी गोळी ही चैन नव्हे. जखमी जनावराला तळमळत सोडायचे नाही, ही ती जबाबदारी असते.

लक्ष्यवेधाचे शास्त्र याच्या नेमके उलट. 50 मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते, आणि तिथे रायफल एकेक काडतूस हाताने भरण्याचीच असावी असा नियम आहे. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला 451.4 गुणांचे कांस्यपदक मिळवले, ते असे एकेक काडतूस भरूनच. तिथे दुसरी गोळी पहिलीची चूक पुसू शकत नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा छंद इतिहासजमा झाला, आणि ते योग्यच झाले. हाती उरले ते कागदी लक्ष्य. पण त्या कागदासमोरही गुरुजींचा प्रश्न उरतोच. पुढे मीही विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना तोच विचारीत आलो : नवे वाक्य लिहिण्याआधी मागचे कुठे गेले, ते पाहिलेस का? काहींनी पाहिले; मी स्वतः मात्र प्रत्येक वेळी पाहिले असे म्हणणार नाही. ती कबुली गुरुजींच्या स्मृतीपुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.