टॅगचा दोष किती, मोजणाऱ्याचा किती?



बहरीनमधल्या सलमाबादच्या गॅरेजांत राबणारे आज समोर आहेत आणि ऑफिसात बसून कोड लिहिणारेही. गॅरेजवाल्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही: थंड इंजिनावरून गाडीची परीक्षा करू नये. कोडवाल्यांना मात्र ती दरवेळी सांगावी लागते. टॉमकॅट या जावा सर्व्हरवरचं जेएसपी पान (म्हणजे जावाच्या आधारे तयार होणारं वेबपान) पहिल्यांदा मागितलं की आधी त्याचा जावा कोड बनतो, मग तो कंपाइल होतो. पुढेही जावा सतत लागणारा भाग चालता चालता वेगवान करत जाते. या सुरुवातीच्या मागण्या हिशेबात धरल्या तर आकडा फसवाच येणार. त्यात टॉमकॅटमधला ‘डेव्हलपमेंट’ हा पर्याय मुळात चालूच असतो आणि पान बदललंय का हे अधूनमधून तपासत राहतो. चाचणीआधी तो बंद करा.

आता टॅगकडे वळू. टॅग म्हणजे पानात लिहायची छोटी खूण, जिच्यामागे जावा कोड चालतो. 1999 च्या जेएसपी 1.1 पासून स्वतःचे टॅग लिहिता येऊ लागले, 2002 मध्ये जेएसटीएल हा तयार टॅगांचा संच आला. पान सजवणाऱ्याला जावा येण्याची गरज उरली नाही, ही मोठीच सोय झाली. तेव्हापासून पान रेंगाळलं की ‘टॅग फार झालेत’ हे ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. टॅगच्या पोटात काय चाललंय ते बघा.

समजा, बिलांच्या यादीत 200 ओळी आहेत. प्रत्येक ओळीतला एक टॅग ग्राहकाचं नाव आणायला डेटाबेसकडे जातो आणि दर खेपेला 2 मिलिसेकंद घेतो. झाले 400 मिलिसेकंद! कोडमध्ये हा टॅग एकदाच लिहिलेला, म्हणून कुणाची नजर जात नाही. टॉमकॅट एरवी एका वेळी जास्तीत जास्त 200 थ्रेड, म्हणजे मागण्या हाताळणारे हात, वापरतो. प्रत्येक थ्रेड 0.4 सेकंद अडकला, तर सेकंदाला 500 च्या वर पानं देता येणार नाहीत, मग प्रोसेसर कितीही दणकट घ्या. 1961 मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला रांगांचा नियम इथे कुणाची गय करत नाही. तीच नावं एका क्वेरीत आणली की पान मोकळं होतं, टॅग जागच्या जागी राहतात.

मोजायला जेमीटर हा प्रोग्राम चांगला. 1998 च्या सुमारास तो अशाच जावा सर्व्हरच्या चाचणीसाठी जन्मला. फक्त सरासरीवर विसंबू नका. शंभरातल्या 95 जणांना पान 100 मिलिसेकंदांत आणि पाच जणांना 4 सेकंदांत मिळालं, तर सरासरी 295 मिलिसेकंद येते. तेवढा वेळ प्रत्यक्षात एकालाही लागलेला नसतो! ते पाच जण कोण, ते शोधा.

सर्व्हर कुठे आहे, हेही बघा. जुलै 2019 मध्ये ॲमेझॉनची डेटा सेंटरं बहरीनमध्येच सुरू झाली. पण तुमचा सर्व्हर मुंबईत असेल तर केबलमधून जाऊन येण्यातच निदान पंचवीसेक मिलिसेकंद जातात. त्याचा राग पानावर काढू नका, तो वेळ वेगळा मोजा.

तेव्हा एवढंच करा: रिकामं पान, मग टॅग असलेलं पण डेटाबेसला न शिवणारं पान, मग पूर्ण पान. तिन्हींचे आकडे हातात घ्या आणि मगच प्रोग्रामरशी खुशाल भांडा.