निमंत्रण राजाचे, किंमत रयतेची



एका देशाने दुसऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ करावी का, आणि करायचीच तर कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या आणि हेगच्या सभागृहांतला समजला जातो. पण त्याचा कस लावायला सावित्रीकाठचे हे महाड गाव पुरेसे आहे. स्वराज्याचे सार्वभौमत्व ज्या गडावरून जगाला जाहीर झाले तो रायगड याच तालुक्यात आहे, आणि ते परक्याच्या हवाली करण्याची वाटही याच महाडातून गेली. सार्वभौमत्वाची खरी धनी रयत असते, राज्यकर्ता तिचा विश्वस्त असतो, असे मी मानतो. त्यामुळे राज्यकर्त्याने बोलावले म्हणून हस्तक्षेप न्याय्य होत नाही, आणि त्याने दार लावून घेतले म्हणून आतल्या लोकांचे हाल हा त्याचा घरचा मामला होत नाही.

पुरावा रायगडापासूनच घेऊ. जून १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन नजराणा आणि तहाची कलमे घेऊन गडावर आला होता. व्यापाराची बरीचशी कलमे मान्य झाली, पण दोन ठिकाणी महाराजांनी हात आखडता घेतला. आपले नाणे या राज्यात चालावे, अशी इंग्रजांची मागणी होती. कोणत्याही नाण्याला आमची मनाई नाही, मात्र ज्यात लोकांचे नुकसान आहे ते नाणे घेण्याची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल परत मिळावा, ही दुसरी मागणी. ती कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे आणि एकाला दिले की फ्रेंच, डचही मागतील, म्हणून ती नाकारली गेली. सिंहासन आणि छत्र ही राज्याची बाह्य चिन्हे होती. आपल्या बाजारात आणि आपल्या किनाऱ्यावर कोणाचा कायदा चालेल हे स्वतः ठरवणे, आणि ठरवताना रयतेचे नुकसान मोजणे, हे त्या राज्याचे सार्वभौमत्व होते.

सव्वाशे वर्षांनी चित्र पालटले. पेशवे सवाई माधवराव यांच्या मृत्यूनंतर गादीचा घोळ सुरू झाला, तेव्हा पेशवाईचे कारभारी नाना फडणीस महाडात येऊन राहिले. १७९६ मध्ये इथूनच त्यांनी निजामाशी संधान बांधले, आणि पाठिंब्याच्या बदल्यात १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणावर त्याच्याकडून मिळवलेले परत देऊ केले. नानांसारख्या धोरणी पुरुषालाही घरच्या भांडणात बाहेरचा हात घ्यावासा वाटला. पुढे २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. पेशवा दुसरा बाजीराव सिंहगडावरून रायगडाकडे आणि तिथून महाडात आला. इथून त्याने मुंबईकर इंग्रजांकडे जहाजासाठी मागणे केले, सुवर्णदुर्ग गाठला आणि वसईला जाऊन ३१ डिसेंबरला तह केला. सहा हजार तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, सुरतेवरचा हक्क सोडणे, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा, आणि कंपनीच्या सल्ल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे नाही, अशी त्याची कलमे होती. मे १८०३ मध्ये पेशवा पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. पण आपल्या नाण्याची सक्ती करू न शकलेली कंपनी आता त्याच्या परराष्ट्र कारभाराची मालक झाली होती. मे १८१८ मध्ये कंपनीचा सेनानी प्रॉथर याच्या तोफांनी रायगड घेतला, तेव्हा बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती. निमंत्रण देणाऱ्याचेच घर त्या निमंत्रणाने जाळले.

रीतसर सरकारने बोलावले तर हस्तक्षेप कायदेशीर असतो, असे आजही सांगितले जाते. वसईचा तह त्या अर्थाने कायदेशीरच होता. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात आणि १९७९ मध्ये अफगाणिस्तानात शिरताना सोव्हिएत संघानेही आपल्याला बोलावणे आल्याचाच दाखला दिला. ज्याची सत्ता आपल्याच माणसांपुढे टिकत नाही, त्याच्या सहीला देशाची संमती मानणे ही या युक्तिवादातली मूळ खोट आहे.

यावर एक आक्षेप इथलाच आहे. पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढला की जावळीचे खोरे लागते. १६५६ मध्ये महाराजांनी ते चंद्रराव मोऱ्यांकडून बळाने घेतले आणि रायरी, म्हणजे पुढचा रायगड, हीही त्यांच्याकडूनच आली, मग बाजीरावाला दोष का, असे कोणी विचारील. राज्ये बळावर उभी राहिली हे मला नाकारायचे नाही. तो काळ आजचा आंतरराष्ट्रीय कायदा जाणत नव्हता, आणि जावळी हा आजच्या कोणत्याही सेनापतीसाठी दाखला होऊ शकत नाही. पण राज्य कसे आले याइतकेच ते कोणासाठी चालले हे महत्त्वाचे आहे. त्या मापाने १६७४ चे उत्तर आणि १८०२ चा तह यांना एका पंक्तीत बसवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सार्वभौमत्वाचा एवढा आग्रह धरला तर जुलमी सत्तेला आयती ढाल मिळते. १९९४ मध्ये रवांडात सुमारे आठ लाख माणसे मारली गेली आणि जग पाहत राहिले. या आक्षेपाचे उत्तर चवदार तळ्याच्या काठावर आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणाऱ्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले होते, तरी अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते प्राशन केले, तेव्हा सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि वहिवाट व खासगी मालकी यांच्या नावाने खटला उभा राहिला. तो १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाला. ‘हा आमचा अंतर्गत मामला’ हे वाक्य माणुसकीपुढे टिकत नाही, हे या गावाने पाहिले आहे. पण तिथे हाक अन्याय सोसणाऱ्यांची होती, मार्ग उघड होता आणि निवाडा सर्वांना लागू असलेल्या कायद्याचा होता.

यातूनच मला तीन कसोट्या दिसतात. हाक पीडितांची आहे की गादी वाचवणाऱ्याची? निर्णय लाभ होणाऱ्याने घेतला की सामाईक व्यासपीठाने? काम संपताच फौज परत गेली का? १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. निवडणूक जिंकलेल्या पक्षाचे लोक मदत मागत होते. भारतीय सैन्य तिथे गेले आणि मार्च १९७२ मध्ये परतले. पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीला आपण उतरलो. दुसरीत मात्र संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा मोठा कौल युद्धबंदीच्या बाजूने होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०११ मध्ये लिबियात सुरक्षा परिषदेची परवानगी नागरिकांच्या रक्षणासाठी होती, ती सत्तापालटापर्यंत ताणली गेली. बलाढ्य राष्ट्रे अशा कसोट्या जुमानत नाहीत, असे म्हणाल तर ते खरे आहे. पण कायदा मोडला जातो म्हणून तो टाकून दिला तर सर्वांत आधी दुबळेच उघडे पडतील.

अध्यापक मित्रहो, वसईचा तह आपण तारीख म्हणून शिकवतो. पुढच्या वर्षी त्याची कलमे वर्गात वाचून घ्या, शेजारी ऑक्झिंडनला मिळालेली उत्तरे ठेवा, आणि मुलांना चवदार तळ्यावर नेऊन तिथला खटला समजावून सांगा. परकी फौज कुठेही शिरली की ‘कोणी बोलावले आणि परत कधी जाणार’ हे दोन प्रश्न बेधडक विचारणारे नागरिक आपल्याला घडवायचे आहेत. या अधिवेशनाने तेवढा संकल्प करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.